सोमवारी बंद

चौथ्या खेपेला लिस्बनला आले तेव्हा
पर्सच्या आतल्या कप्प्यात तिसऱ्या खेपेची चावी होती,
चुकून सोबत आलेली,
तीन वर्षं माझ्या घरच्या किल्ल्यांत
पाहुणीसारखी अवघडून बसलेली.

ग्रासा नावाच्या टेकडीवर,
पंच्याहत्तर पायऱ्या नि दोन विसाव्यांनंतर,
देओलिंदाबाईंनी दार उघडलं.
चावी पुढे धरली तर म्हणाल्या, शाव?
मी म्हटलं, चावी.
आमचं बोलणं दरवेळी असंच चालतं,
चार-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी बोटीतून उतरवून ठेवलेल्या
दहा-बारा शब्दांवर.
पाव. कोबी. बटाटा. साबण. फीत.
घमेलं म्हटल्यावर तर त्या इतक्या हसल्या
की आतून एक लाकडी घमेलं घेऊनच आल्या, चिमट्यांनी भरलेलं.
एवढ्या शब्दांत पोट भरतं, अंघोळ होते,
वेणीही घालता येते.
घर विकलं, हे सांगता येत नाही.
ते त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून सांगितलं.
ऑक्टोबरपासून इथे हॉटेल.
कुलूप आधीच बदललेलं.
माझी चावी आत गेली, फिरली मात्र नाही.

मग मी रोज फिरले.
गुळगुळीत पांढऱ्या दगडांवर, उतारावर जरा वाकडी पावलं टाकत.
एका निळ्या फरशांच्या भिंतीत
एकच फरशी उलटी बसलेली सापडली.
जहाजाचं शीड खाली, समुद्र वर.
तिच्यासमोर अर्धा तास उभी राहिले
आणि कुणी म्हणालं नाही, चल आता.
खानावळीत वेटर समोरची दुसरी बशी उचलून नेतो,
पूर्वी टोचायचं.
आता टेबल मोठं होतं.

नदीकाठचा तो मोठा मठ मात्र
मी अजून पाहिलेला नाही.
पहिल्या खेपेला रांग फार होती,
दुसऱ्यांदा पाय मुरगळला,
तिसऱ्यांदा मुद्दामच.
शेजारणीकडे आपली वाटी राहिलेली असली
की पुन्हा जाणं होतं, तसं.
पण यंदा वाटलं, शेजारीणच निघाली,
वाटी आणलेली बरी.
शेवटच्या दिवशी ट्राम धरून गेले.
दारावर पाटी: सोमवारी बंद.

पहारेकरी कानात काडी घालत होता.
अमान्यां, म्हणाला, म्हणजे उद्या.
उद्या पहाटे माझं विमान.
मी हसत सुटले, एकटीच, भर उन्हात.
त्यानेही काडी काढली आणि
कारण न कळता हसून घेतलं.

रात्री देओलिंदाबाईंच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या.
बावीस बशा. एकीचा टवका उडालेला,
ती त्यांनी गुंडाळू दिली नाही,
तिच्यात पाव कापला.
शब्द कधीच संपले होते.
त्या मधूनच काहीतरी लांबलचक सांगत,
मी मराठीत हो म्हणत होते, अगं बाई म्हणत होते,
आणि ते बरोबर जागी पडत होतं.

विमानतळावर पट्टा, घड्याळ, सुटी नाणी,
आणि राखाडी ट्रेमध्ये ती चावी.
यंत्राच्या अंधारात एकटीच सरकत गेली.
पलीकडे मी ती उचलली.
कुठली, असं कुणी विचारलं नाही.