मिठाचं पाणी

चाळीस वर्षं ओडलाउग कॉड माशांना मीठ लावत आली
क्रिस्तियानसुंदच्या धक्क्यावर.
बोटांच्या भेगांना अजून मिठाचा हिशोब पाठ.

आता रात्रीतून सात वेळा उठते,
घटाघटा पिते,
तरी जीभ कोरडीठाक.

डॉक्टर रिपोर्ट पालथा करून
पाठकोऱ्या बाजूवर एक वेटोळं काढतो.
"मूत्रपिंडातली ही चढण.
इथं मीठ उचलून परत रक्तात नेतात.
आणि हा, रक्ताच्या बाजूला बसलेला पहारेकरी,
याला कॅल्शियम तेवढं कळतं.
तुमच्या रक्तात ते फार झालंय.
यानं हमालांचे हात धरलेत."

मीठ चाललं वाहून,
मिठामागून पाणी.

"म्हणजे संप," ती म्हणते.
संप तिनं पाहिलाय:
पिंपं उघडी, धक्का गप्प,
आणि तिसऱ्या दिवशीचा तो वास.

सुन्निवा सिस्टर बाटली टांगते.
"काय आहे यात?"
"मिठाचं पाणी."
ओडलाउग इतकी हसते
की सुई हलते, सिस्टर दटावते.
मासा सुकवायला मीठ.
मला भिजवायलाही तेच?

मग गप्प पडून
थेंब मोजू लागते,
पिंपातले थर मोजायची तसे,
ओठ न हलवता.