सतरा नंबरची चूक

पुण्यात मी चुका शोधायचा पगार घेते.
मोठा गेम, चारशे माणसं, पाच वर्षं;
त्यात एक जंगल आहे, आणि पावसाचा थेंब
पानावरून नीट घरंगळतो का
एवढंच बघणारा एक वेगळा माणूस आहे.
(आमच्याच मजल्यावर बसतो. डबा एकटा खातो.)

इकडे सांगलीत, गणपती पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात
जिनेंद्र मगदूमनं एकट्यानं गेम केलाय.
शटर ओढल्यावर, रात्रीचा, सहा वर्षं.
"बघ की जरा," म्हणाला, "पण हसायचं नाही."

हसले.
आयर्विन पूल पेंटमध्ये काढलेला, कमानी मोजल्या तर एक कमीच.
कृष्णा निळी. कधी बघितली होती ह्यानं निळी?
आवाज सगळे बहिणीचे: हवालदार, भडंगवाला, म्हैससुद्धा,
आणि हवालदाराच्या मागे कुकरची तिसरी शिट्टी.
कोडं असं, की छत्रीत हळद भरायची
आणि ती नाववाल्याला द्यायची.
का?
"सुचलं तसं."
सेव्ह होत नाही. लाईट गेली की पहिल्यापासून,
पुन्हा ती म्हैस.

तासाभरात एक्केचाळीस चुका. वहीत लिहिल्या, सवयीनं.

खोटं कशाला बोलू, आमचा गेम चांगलाच आहे.
त्यात कुणी अडकत नाही.
दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं तर नायकच पुटपुटतो,
'त्या दगडामागे काहीतरी असावं.'
फक्त, जंगलापलीकडच्या गावात नव्वद दारं आहेत
आणि उघडणारी तीन.
बाकीची रंगवलेली. मीच तपासलीत, एकेक, हात लावून.

जिनेंद्रची दारं अकरा. उघडत तर एकही नाही,
पण वाजवत राहिलं की आतून कुणीतरी ओ देतं.
'काका झोपलेत, हळू.'
'विळी नेलेली आधी परत कर.'
'भाड्याचं म्हणत असाल तर पुढच्या महिन्यात.'

मी पुलावर अडकले. रात्री साडेअकराला फोन लावला.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"थांब, मलाच आठवेना. वही बघून सांगतो."

सकाळी चुका वाचून दाखवल्या. मान डोलवत ऐकल्या.
चाळीस दुरुस्त करतो म्हणाला.
सतरा नंबर: टोपीवाला म्हातारा पेठेतून चालत येतो
आणि बंद शटरमधून आरपार आत जातो.
"ते राहू दे."
"अरे, शटर बंद आहे."
"पुराआधी दुकान त्यांचंच होतं की.
त्यांना काय किल्ली लागतीय?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आधार कार्ड, दोन्ही बाजू.
मी सतरा नंबर खोडला नाही,
पुढे फक्त लिहिलं: तपासले.

सोमवारी कामावर. नवी आवृत्ती, तीच नव्वद दारं.
चौथ्या दारावर, आजूबाजूला कुणी नाहीसं बघून,
अकरा वेळा क्लिक केलं.