कणकुंब्याची सोयरीक

वहीत एकूण बेचाळीस अस्वलं,
सगळी एकमेकांची चुलत, मावस, आते.
तीन पिढ्या भावकीतच संसार चाललेला.
वरून पत्र आलं, नवं रक्त पाहिजे.
मी आवक नंबर टाकला, फाइलला लावलं.

त्याच आठवड्यात कणकुंबीच्या वरच्या अंगाला
डुकरासाठी लावलेल्या तारेत एक नर गावला.
पुढचा डावा पंजा गेला.
‘परत सोडता येणार नाही’
असं डॉक्टर हिरेमठबाईंनी कन्नडमधून लिहिलं,
भरमाण्णाला मराठीतून सांगितलं,
आणि जीपमध्ये बसून बराच वेळ
कुठल्याच भाषेत काही बोलल्या नाहीत.

वहीचे रकाने मी भरते.
बाप: माहीत नाही. आई: माहीत नाही.
जन्म: रानात.
चाळीस पानं मागं गेलं की
असंच एखादं कोरं जनावर भेटतं
आणि पुढचा सगळा गोतावळा त्याच्यापासून सुरू होतो.
ज्याचं काहीच माहीत नाही
त्याला वहीत ‘मूळ’ म्हणतात.

चंपी आमच्याकडचीच. आई पिंजऱ्यातली, आजी पिंजऱ्यातली.
भरमाण्णा तिला एकाच शब्दानं बोलावतो: बा.
कानडीत ये. आमच्या घरात बाप.
ती उठते, येते, भाकरी घेते.
कणकुंब्या चार महिने भिंतीकडं तोंड करून बसला.
‘ह्येला कुठल्या भाषेत हाक मारायची, बाई?
तिकडं ह्येला हाक मारणारं हुतं तरी कोण?’

दप्तरातल्या कॅलेंडरावर एक पांढरं अस्वल आहे,
बर्फाच्या लादीवर, पाय जुळवून उभं.
भरमाण्णा चहा पिताना त्याच्याकडं बघतो.
‘ह्येची बी वही असंल न्हवं कुठं तरी?
ह्येच्या बी सोयरिकीला कोण तरी बसलं असंल
चष्मा लावून.’

मे महिन्यात मधलं दार उघडलं.
आम्ही पाइप, फटाके, भुलीची बंदूक घेऊन तयार.
काहीच झालं नाही.
ती त्याच्या थोट्या पायाचा वास घेत राहिली,
खूप वेळ,
पत्रिका वाचल्यासारखा.
मग भरमाण्णानं मला तिथून जायला सांगितलं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लाजला तो.

डिसेंबरात चंपीनं खाणं टाकलं, खोलीत शिरली.
आत डोकवायचं नाही असा नियम.
मी भिंतीला कान लावला.
सिमेंटच्या आत मोहोळ लागल्यासारखं
काहीतरी गुणगुणत होतं.

दोन निघाली.
मार्चात आईच्या पाठीवर बसून बाहेर आली,
मुठीत केस धरून.
हे चंपीला कुणी शिकवलं नव्हतं,
ती स्वतः बाटलीवर वाढलेली.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अठरा पावलं,
तरी ती त्यांना पाठीवरून नेते आणते,
जणू मधे नदी आहे.

भरमाण्णानं जांबोटीजवळच्या आपल्या शेताच्या बांधावरून
वारुळाचा एक ढेकूळ आणला,
पोत्यात घालून, मोटरसायकलला बांधून.
‘वारुळाला हात लावू नये म्हणते बायको. तिला सांगू नका.’
पिल्लांनी आधी पळ काढला.
मग एकानं नाक खुपसलं
आणि फुर्रकन ओढलं असं की
पलीकडच्या पिंजऱ्यात कणकुंब्या तीन पायांवर उभा राहिला.

त्याला पिल्लं दाखवत नाहीत. नर मारतो कधीकधी.
फक्त पश्चिमेकडून वारा सुटला,
घाटातल्या फणसाचा वास आला,
की तो जाळीला तोंड लावतो.
तेव्हा भरमाण्णा हाक मारत नाही.

काल पत्र आलं. थोरल्या पिल्लाला
चौदाशे किलोमीटरवर स्थळ आहे.
आणि सोबतचा फॉर्म विचारतो:
रानातलं, की बंदिवासातलं?
दोन चौकोन. खूण एकावरच करता येते.
मी दोन्ही रिकामे ठेवून पाठवला.
आज परत आला, लाल शाईत ‘अपूर्ण’.