आरोग्य राखण्यासाठी

नायगावच्या पोलीस लाइनीमागे
गजा सारंग पडलेला असायचा,
एक चप्पल पायात, एक गटाराच्या काठावर,
तोंडाला फेस.
आम्ही पोरं त्याच्यावरून उडी मारून शाळेत जायचो.
आई म्हणायची, बघू नका, बेवडा आहे तो.
तेव्हापासून बेवडा म्हणजे काय
हे मला नक्की माहीत होतं.

म्हणजे मी नव्हते.

माझ्या दोन्ही चपला जागेवर असतात.
फोर्टातल्या विमा कंपनीत मी उपव्यवस्थापक,
एकोणतीस वर्षांत एकही लेट मार्क नाही.
मुलीच्या दहावीला पहाटे चारला उठून
तिच्यासोबत भूमितीची प्रमेयं सोडवली.
हात थरथरला नाही. कर्कटकाने काढलेलं वर्तुळ
जिथे सुरू झालं तिथेच मिटलं.

शिवाय सकाळी नाही.
शिवाय देशी नाही.
शिवाय एकटी नाही, म्हणजे टीव्ही चालू असतो.
शिवाय माझ्याकडे परवाना आहे, सरकारी, आजन्म,
शिक्का मारलेला, आणि त्यावर कारण दिलंय:
आरोग्य राखण्यासाठी.
सरकारला जे पटलं
ते मुलुंडच्या सहाव्या मजल्यावर कोणाला पटू नये?

श्रावणात तर थेंब नाही.
हा माझा हुकमी पत्ता.
ज्याला सुटत नाही तो बेवडा, मी तर दरवर्षी सोडते.
जिवतीचा कागद लावते, साबुदाणा भिजवते,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पुढचं पान
दिवसातून चारदा उचलून बघते.

रम कोकमाच्या बाटलीत. रंग जुळतो.
मे महिन्यात सासूबाईंना सरबत हवं झालं,
त्यांनी फ्रीज उघडला, बाटली हातात घेतली.
मी म्हटलं, ती नका घेऊ, बिघडलीय.
त्या महिन्यात मी बोललेलं
बहुधा तेवढंच खरं.

रिकाम्या बाटल्या भांडुपच्या भंगारवाल्याला.
बिल्डिंगखालचा ओळखीचा आहे.
भांडुपवाला मला हॉटेलवाल्या मॅडम म्हणतो.
मी हो म्हणते.

परवा आईचा फोन. तिला आता जुनंच सगळं लख्ख आठवतं.
बोलता बोलता गजाचं विचारलं.
गजा? आई म्हणाली, अगं तो कुठे एवढा प्यायचा.
पगाराच्या दिवशी, झालं.
त्याला फेफरं यायचं. आम्हाला तरी कुठे कळत होतं,
कांदा हुंगवायचो, नाहीतर सोडून द्यायचो.
चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, तिथेच, गटाराशी.

फोन ठेवल्यावर किती तरी वेळ
फ्रीजचा दरवाजा उघडा धरून उभी होते.
चाळीस वर्षं ज्याच्याशी मापून
मी स्वतःला उभी समजत होते,
तो पडलेला होता,
प्यायलेला नव्हता.

फ्रीज बीप करत राहिला.

कुर्ल्याला एका शाळेत, शाळा सुटल्यावर,
चौथीच्या वर्गात जमतात ती माणसं.
बाकं लहान, गुडघे मावत नाहीत.
फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार, बाकी तशीच.
मी फेस शोधत होते, तुटके अंगठे शोधत होते.
तिथे एक तबल्याचे मास्तर, एक भूल देणारी डॉक्टर,
एक सव्वीस वर्षांची मुलगी, जी फक्त बिअर प्यायची,
आणि रात्रपाळीचा वॉचमन. त्याने चहा दिला.
किती पिता, असं कोणी विचारलं नाही.
वॉचमनने एवढंच विचारलं,
संध्याकाळी सातला काय करता हो तुम्ही?

माझी पाळी आली.
मृदुला वर्टी, मी म्हणाले, उपव्यवस्थापक...
ते बाहेर, मास्तर हळूच म्हणाले, इथे नुसतं नाव.

नाव सांगितलं.
त्याच्या पुढचा शब्द
जिभेवर आडवा पडलाय, एक चप्पल पायात,
आणि मी अजून
त्याच्यावरून उडी मारून जाऊ बघतेय.