पान अठ्ठ्याऐंशी

वजिराबादच्या झेरॉक्सवाल्यानं
तीनशे चाळीस रुपयांत अमेरिका बांधून दिली,
वर प्लास्टिक, खाली निळा पुठ्ठा.
त्या दिवशी मशीनची शाई जास्तच सुटलेली,
म्हणून अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं कुटुंब
अख्खंच्या अख्खं काळं पडलंय.
खालची ओळ शाबूत: रेडिओ ऐकताना, १९३८.
मधोमध डायल तेवढी उमटलीय,
म्हशीच्या कपाळावरच्या चांदासारखी.

पेपर सोमवारी.
प्रश्न ठरलेला: साबणाच्या कंपन्यांनी
दुपारच्या मालिका का चालवल्या? गुण पंधरा.
मी पाठ करते:
बाया घरात, हात कामात, कान मोकळे.

पुढं लिहिलंय,
मालिकेतल्या एका बाईला दिवस गेले
तर कॅन्ससहून, आयोवाहून
लोकरीचे इवले मोजे यायला लागले स्टेशनवर,
कधी जन्मणारच नव्हतं त्या बाळासाठी.
वर्ग हसला. बिराजदार सर म्हणाले,
"भाबडा श्रोता. अधोरेखित करा."

मी नाही केलं.

वसमतला कौसामावशी
हळद शिजायच्या दिवसांत
कढईपासून चार हातांवर रेडिओ ठेवायची.
सेल उतरले की पत्र्यावर उन्हाला घालायची,
कुरड्यांच्या शेजारी, कावळ्याला हाकलत.
परभणी केंद्रावरच्या नाटकातली सून
ज्या गुरुवारी बाळंत झाली
त्या रात्री तिनं जुन्या इरकलीची कुंची शिवली,
आणि सकाळच्या गाडीला
कंडक्टर अजमतभाईच्या हातात दिली.
"अगं, खोटं असतंय ते," काका म्हणाले.
"म्हाईत हाय की," ती म्हणाली,
"पर लेकरू उघडं कसं ठिवायचं?"

उत्तर आलं नाही.
ते मोजे, पुस्तक सांगतं,
कुठल्याशा विद्यापीठात खोक्यात आहेत,
खोक्याला नंबर आहे.
कुंचीचं कोण सांगणार?
गेल्या दिवाळीत अजमतभाईला गाठलं.
कानानं गेलाय आता. दोनदा ओरडून विचारलं.
"दिया ना बेटी. गेटवाले कू दिया.
हौ. हल्दी के हातां लगे थे उसपे."

पंधरा गुणांना साडेतीन पानं.
भाबडा श्रोता: व्याख्या, कारणे, दोन उदाहरणे.
एक लिहून झालंय.
दुसऱ्याची जागा तशीच सोडून
मी परत ते काळं पान काढते,
डायलच्या उजेडात डोळे बारीक करून बघते:
कोपऱ्यात कुणीतरी वाकून
सुईत दोरा ओवतंय.