वाटे

तळाशीलला मैदान नव्हतंच कधी.
एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या,
मधे सुरूच्या बनापाशी वाळूची चिंचोळी पट्टी.
बॉल बाहेर गेला की एवढंच विचारायचं,
खाडीत की दर्यात?
गोलपोस्ट म्हणजे एक मोडकं वल्हं
आणि बांगडे सुकवायच्या मांडवाचा बांबू.
टचलाइन टाचेनं ओढायची,
भरती ती खाऊन टाकायची.

तिथून निघालो मी.
जिल्हा, राज्य, मग छातीवर तो बिल्ला,
दर जानेवारीत नवा,
आईनं जाळ्याच्या नायलॉननं शिवलेला. सुटला नाही कधी.
मस्कत, यांगून, ताश्कंद.
एकदा कस्टमवाल्यानं बॅग उपसली:
दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, एक नाणं, कार्डं,
आणि पेपरात गुंडाळलेला सुका बांगडा.
पिवळ्या कार्डाला वास लागला होता.
त्या रात्री ज्याला ते दाखवलं
त्यानं नाक मुरडलं,
आणि समालोचक म्हणाला, उर्मट आहे.

पळायचो ओहोटीच्या वेळा बघून,
ओल्या वाळूत, पहाटे.
उलटं पळायला तिथंच शिकलो.
मासे वेचणाऱ्या बायका हसायच्या,
"कुबलांचो लवू बघ, कुर्लेसारखो धावता."

ताश्कंदला ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर.
माझ्या आणि बॉलच्या मधे सहा पाठी.
एक हात वर गेला. कुणाचा?
बॉल हाताला लागला, की डोक्याला,
की कशालाच नाही?
तीस हजार माणसं माझ्या ओठांकडे बघत होती
आणि ओठांत शिट्टी होती.

वाजली.

बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे, कोपर न वाकवता.
शंका असली की मी हात जास्तच ताठ धरायचो.
गोलकीपर अंगावर धावून आला, रडत होता.
त्याचं नाव वहीत आहे अजून,
माझ्या अक्षरात, स्पेलिंग चुकलेलं.
टीव्हीवर ते परत दाखवायला लागले
की मी उठून पाणी प्यायला जायचो.

बाबा रापणीचे वाटे घालायचे.
जाळं किनाऱ्याला लागलं की वाळूत ढीग:
तारल्या, सौंदाळे, एखादी वाट चुकलेली सुरमई.
ओढणाऱ्याला एक, होडीला दोन,
तापानं घरी पडलेल्यालाही एक.
मग बाबा ढिगांकडे पाठ करून बसायचे.
कुणीतरी काठी टेकवायचा,
"ह्यो वाटो कोणाचो?"
न वळता बाबा म्हणायचे, "गंगारामाचो."
"आणि ह्यो?"
"पावलूच्या बायलेचो."
इतक्या वर्षांत भांडण झालं एकदाच,
तेही दारूवरून.

ताश्कंदहून आलो तेव्हा ते जाळं तुणत होते.
वर न बघता विचारलं,
"दिसलां तुका?"
मी म्हणालो, "होय."
त्यांनी गाठ दातानं ओढली, पुढची घेतली.
पुन्हा कधीच विचारलं नाही.
त्याच वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी, गेले.

पंचेचाळीस झाली. पत्र आलं, आभाराचं, छापील सहीचं.
आता संध्याकाळी बनापाशी बसतो.
पोरं खेळतात. पट्टी आणखी चिंचोळी झालीय.
काल एक लाट आत आली,
बॉल, लाइन, पाय, सगळं फेसात.
"गोल झालो!"
"नाय झालो!"
"काकाक इचारा, काका फिफाचो आसा."

सगळे माझ्याकडे वळले.
हात सवयीनं अर्धा वर गेला होता.
म्हणालो,
"माका दिसाक नाय."

बावीस वर्षांत हे वाक्य
कुठल्याच भाषेत माझ्या तोंडून निघालं नव्हतं.
पोरं बघत राहिली,
बिघडलेल्या रेडिओकडे बघावं तशी.
मग गोलमधे उभी असलेली ती बारकी, मयेकरांची रेवा,
स्वतःच बॉल घेऊन आली, टाचेनं खळगा केला,
त्यात ठेवला.
"मगे परत मार."

वल्हं कलायला लागलं होतं.
मी गेलो
आणि ते धरून उभा राहिलो.