मोजाभर राख

बोट ओलं करून बघू नकोस, मामा म्हणायचा.
थुंकी वाळत आली की बोट चहूकडून गार लागतं,
आणि तुझ्या थुंकीला तंबाखू येते.

शेरमल मामाचं सगळं सामान बिनपैशाचं.
शाळेचा एक मोजा, जोडीतला दुसरा हरवलेला,
त्यात गोवरीची राख, फडक्यातून दोनदा गाळलेली.
लाकडाची जड, ती सरळ खाली बसते.
टिचकी मारली की मोज्यातून एक बारीक श्वास सुटायचा.
तो जिकडे झुकला
तिकडे आपला वास पोचला, असं धरून चालायचं.

मग रुईच्या म्हाताऱ्या.
फाल्गुनात बोंडं उकलली की काड्यापेटीत दाबून ठेवलेल्या.
राख दहा पावलांचं सांगते,
म्हातारी पार त्या बाभळीपर्यंतचं सांगत जाते,
आणि मध्येच वळली तर वारा तिथं वळतो.
काठीच्या टोकाला गोधडीचा दोरा, दोऱ्याला तित्तराचं पीस,
पण पीस पहाटे दवानं जड होतं, खोटं बोलतं.

विडी का नको, मी विचारलं होतं.
विडीनं वारा कळतो की, मामा म्हणाला.
सशाला पण कळतो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी वासाचं तेल लावून गेलो.
तो काही बोलला नाही.
अख्खा मोजा माझ्या डोक्यावर झटकला.

एकदा मोबाइल दाखवला त्याला:
पाटोदा, पश्चिमेचा वारा, ताशी नऊ.
बाण बघितला, पडद्यावर बोट फिरवलं.
हा पाटोद्याचा झाला. ओढ्याचा कुठाय?
दिवस बुडाला की बालाघाटावरची गार हवा
ओढ्याच्या पोटातून पाण्यासारखी उतरते,
ऊन चढलं की आल्या वाटेनं माघारी जाते.
ते त्यात नव्हतं.

त्या रात्री आम्ही तरवडात पालथे पडलेलो.
राख पायांकडे जात होती. वारा तोंडावर,
वाऱ्यात करडईचा वास, उकरलेल्या मातीचा,
आणि सशाचा, जो मला कधीच आला नाही
आणि मामाला यायचा.
सगळं बरोबर होतं.

ते खालच्या अंगानं आले.
जीप पुलापाशी ठेवून, चपला हातात घेऊन.
डिझेलचा वास सगळ्यात शेवटी आला,
आम्ही जीपमध्ये बसल्यावर.
वारा चांगला धरला त्यांनी, मामा म्हणाला,
आणि गावापर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही.

पंचनामा:
फासे चौदा. काठी एक, पिसासह.
काड्यापेटी एक, आत कापसासारखी वस्तू.
मोजा एक, निळा, आत पांढरट पावडर.
साहेबांनी पावडर बोटावर घेतली,
जिभेपर्यंत नेली, परत पुसली.
सात महिन्यांनी तपासणीचा कागद आला.
राख.

तारखेला आम्ही कोर्टाच्या कुंपणाशी बसतो.
तिथंही रुई आहे.
परवा एक म्हातारी सुटली,
चहाच्या गाड्यावरून, वकिलांच्या काळ्या कोटांवरून,
शिपायाच्या कानाजवळून आत शिरता शिरता वळली.
मामा मान वर करून ती दिसेनाशी होईस्तोवर बघत राहिला.
मग धोतर झटकून उठला
आणि कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.